कोळशाच्या पोटातला वायू

मुंबईच्या रस्त्यांवरील गॅसच्या दिव्यांची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. १८६५ साली हे दिवे प्रथम लागले आणि पुढे कित्येक वर्षे तिन्हीसांजेस एकेक दिवा पेटवीत जाणारा माणूस हे त्या शहरातले नित्याचे दृश्य होऊन बसले. त्या दिव्यांत जळणारा वायू दगडी कोळशाचाच होता. पण तो कोळसा बंद भट्टीत तापवून माणसाने मुद्दाम तयार केलेला होता. प्रस्तुत लेखात सांगावयाची हकीकत त्या वायूची नव्हे. ती आहे निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वी कोळशाच्या थरातच कोंडून ठेवलेल्या वायूची. पहिल्या वायूने शहरे उजळली; दुसऱ्याने दोन शतके खाणीतील माणसे जाळली. मानवजातीच्या जमाखर्चात तो इतकी वर्षे केवळ खर्चाच्या बाजूस मांडलेला होता. आता तोच जमेच्या बाजूस, राष्ट्राची संपत्ती म्हणून मांडला जात आहे. ही रक्कम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस कशी गेली, आणि तिचे खरे मोल किती, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम हा वायू कोळशात आला कोठून ते पाहू. कोळसा म्हणजे मूळची वनस्पती, हे आता शाळेतील मुलेही जाणतात. आपल्या दामोदर नदीच्या खोऱ्यातील कोळसा सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांचा आहे. दलदलीत पडलेली झाडेझुडपे पाण्याखाली गेली, हवेचा संपर्क तुटल्यामुळे पुरती कुजली नाहीत, आणि त्यांचे पीट बनले. त्यावर गाळाचे थरावर थर बसत गेले. भार वाढला, खोलीबरोबर उष्णताही वाढली. आणि पीटचे लिग्नाइट, लिग्नाइटचे बिट्युमिनस आणि क्वचित् त्याचेही अँथ्रासाइट झाले. ह्या प्रत्येक पायरीवर पाणी, कार्बन डायॉक्साइड आणि मिथेन हे पदार्थ सुटे होत जातात. आरंभी हे काम सूक्ष्म जंतू करतात. पुढे जमिनीच्या पोटातील उष्णता करते. १७७६ साली व्होल्टा ह्या इटालियन शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि ते पेटतात असे दाखविले. डबक्यातला तो वायू आणि खाणीत माणसे मारणारा वायू हे दोन नव्हेत. दोन्ही मिथेनच होत.

येथे एक सर्वसाधारण समजूत दूर केली पाहिजे. घड्यात पाणी भरावे तसा हा वायू एखाद्या पोकळीत भरलेला असतो असे नाही. कोळसा हाताला घट्ट लागतो खरा, परंतु तो अतिसूक्ष्म छिद्रांनी इतका भरलेला असतो की एक ग्रॅम कोळशाच्या आतील पृष्ठभाग पसरून मोजला तर तो शंभर चौरस मीटरांच्या घरात जातो. वायूचे कण ह्या पृष्ठभागास चिकटून, जणू दाटीवाटीने बसलेले असतात. शास्त्रात ह्यास अधिशोषण म्हणतात; दाब वाढला की किती कण बसतात आणि उतरला की किती उठतात ह्याचा नियम अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूर ह्याने १९१८ साली सूत्रबद्ध केला. ह्या रचनेमुळेच त्याच दाबाखाली, तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या खडकात मावतो त्याच्या सहा-सात पट वायू कोळशात मावू शकतो. पण त्यास तेथे बसवून ठेवतो तो दाब. कोळशात ज्या बारीक उभ्या भेगा असतात त्या पाण्याने भरलेल्या असतात आणि त्या पाण्याचा दाब पहारेकऱ्याचे काम करतो. माणसाने थर फोडला, पाणी उपसले, की पहारा उठतो आणि वायू सुटतो. खाणीचा सारा अनर्थ ह्या एका वाक्यात आहे. आणि पुढे पाहू त्याप्रमाणे, खाणीचा लाभही ह्यातच आहे.

ही गोष्ट पहिल्याने नीट नजरेस आली ती इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील व्हाइटहेवन ह्या बंदराच्या गावी. सर जेम्स लोथर ह्या खाणमालकाने अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी समुद्राच्या अगदी काठाशी खाण खणावयास घेतली. ती खणत असता एका थरातून जोराने वायू फुंकरू लागला व दिव्याच्या ज्योतीने पेटला. लोथरने नळी लावून तो जमिनीवर आणविला, जनावरांच्या मूत्राशयांच्या पिशव्यांत भरून लंडनास नेला, आणि १७३३ साली रॉयल सोसायटीच्या सभासदांपुढे तो जाळून दाखविण्यात आला. त्याच्या खाणींचा कारभार पाहणारा कार्लाइल स्पेडिंग हा मोठा कल्पक माणूस. हा नळीतून येणारा वायू गावातील रस्त्यांवर दिव्यांसाठी वापरावा असे त्याने सुचविल्याचे सांगतात. गावाने ते मनावर घेतले नाही. कल्पना जन्मली त्याच वेळी मेली, आणि तिला पुन्हा जीव यावयास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

मधल्या काळात वायू हा केवळ वैरी राहिला. खाणीतल्या लोकांनी त्यास फायरडॅम्प असे नाव दिले होते. हवेत त्याचे प्रमाण शेकडा पाच ते पंधरा झाले की एका ठिणगीने त्याचा स्फोट होतो. तो हवेहून हलका असल्याने खाणीच्या छताशी जमतो. काही ठिकाणी रोज पहाटे एका माणसास ओल्या पोत्यांनी अंग गुंडाळून पुढे पाठवीत. तो जमिनीशी सरपटत जाऊन लांब काठीच्या टोकावरील मेणबत्तीने छताचा वायू पेटवी, म्हणजे इतरांस त्या दिवसापुरते काम करता येई. अशी नोकरी पत्करणाऱ्याच्या घरची स्थिती काय असेल ती वाचकांनीच कल्पावी. स्पेडिंगने ह्याहून बरा उपाय म्हणून पोलादी चाक गारगोटीवर फिरवून ठिणग्यांचा अंधुक उजेड पाडणारे एक यंत्र केले. ठिणग्यांनी वायू पेटत नाही अशी समजूत होती. तीही पुढे खोटी ठरली. खुद्द स्पेडिंग १७५५ साली खाणीतील स्फोटातच मरण पावला. वायूचा उपयोग ज्याला प्रथम सुचला, त्यालाच त्याने गिळले.

१८१२ च्या मे महिन्याच्या २५ तारखेस इंग्लंडच्या ईशान्य भागात फेलिंग येथील खाणीत स्फोट झाला व ९२ माणसे मेली. त्यांत दहा वर्षांच्या आतली मुलेही होती. आग विझावी म्हणून खाणीची तोंडे बुजवावी लागली आणि प्रेते बाहेर काढण्यास सुमारे दीड महिन्याने प्रारंभ झाला. तेथील धर्मोपदेशक जॉन हॉजसन ह्याने त्या अपघाताची साद्यंत हकीकत छापून प्रसिद्ध केली. ती वाचून लोकमत हलले, अपघात टाळण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली, आणि १८१५ साली तिने सर हंफ्रे डेव्ही ह्यांस साकडे घातले. पुढची गोष्ट प्रसिद्धच आहे. बारीक तारेच्या जाळीतून ज्योत पलीकडे जात नाही, कारण धातू तिची उष्णता खेचून घेतो, हे डेव्हीने प्रयोगाने शोधले. आणि जाळीने वेढलेला त्याचा दिवा १८१६ च्या जानेवारीत हेबर्नच्या खाणीत उतरला. त्याच सुमारास जॉर्ज स्टीव्हन्सन ह्या, पुढे आगगाडीमुळे नाव मिळविलेल्या यंत्रकारानेही स्वतंत्रपणे सुरक्षित दिवा केला होता व दोघांच्या पक्षपात्यांत कडाक्याचा वाद माजला. डेव्हीने आपल्या दिव्याचे पेटंट घेतले नाही, हे त्यास खचित भूषणावह आहे.

ही कथा बहुतेक पुस्तकांत येथेच, विज्ञानाच्या जयघोषात संपते. मीही वर्गात पुष्कळ वर्षे ती तशीच संपवीत असे. परंतु खाणीतील अपघातांची चौकशी करणाऱ्या १८३५ च्या ब्रिटिश संसदीय समितीपुढे जे आकडे आले ते ह्या जयघोषाशी जुळत नाहीत. डरॅम व नॉर्थंबरलंड ह्या दोन परगण्यांत १८१६ पूर्वीच्या अठरा वर्षांत खाणीत ४४७ माणसे मेली होती. दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत ५३८ मेली. खाणी वाढल्या, कोळसाही अधिक निघू लागला, हे ह्याचे एक कारण. पण दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. वायूच्या भीतीने ज्या जागा सोडून दिल्या होत्या, तेथेही मालकांनी आता दिवा हाती देऊन माणसे धाडली. दिव्याने वायू घालविला नव्हता. त्याने वायूत शिरावयाची परवानगी तेवढी दिली होती. जाळीला एक भोक पडले, दिवा वाऱ्याच्या झोतात सापडला, की परवानगी संपली.

१८४४ साली डरॅम परगण्यातील हॅसवेल येथे ९५ माणसे मेली, तेव्हा सरकारने मायकेल फॅरडे व भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल ह्या दोघांस तेथे पाठविले. त्यांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. वायूच्या पहिल्या भडक्याने खाणीतील कोळशाची धूळ उडते व तीच पेटून आग पुढे पुढे पसरते. ह्या इशाऱ्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९०६ साली फ्रान्समधील कुरिएर येथे धुळीच्या स्फोटाने १,०९९ माणसे गेली, तेव्हा मात्र कोणास शंका उरली नाही.

हे सारे परदेशचे दुःख असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे राणीगंज भागात कोळसा काढण्याचा पहिला प्रयत्न १७७४ साली झाला, आणि पुढे द्वारकानाथ ठाकुरांसारख्या उद्योगी पुरुषाने १८३६ साली तेथील खाण विकत घेऊन त्या धंद्यास जोम आणला. जोवर खाणी उथळ होत्या तोवर वायूचा त्रास बेताचा होता. खोली वाढली तसा तो वाढला. १९३६ साली राणीगंज क्षेत्रातील पोइडीह खाणीत २०९ माणसे स्फोटात मेली. १९५८ च्या फेब्रुवारीत त्याच क्षेत्रातील चिनाकुरी खाणीत वायूचा स्फोट होऊन सुमारे पावणेदोनशे कामकरी गेले. ही खाण जमिनीखाली सुमारे सहाशे मीटर, देशातील अत्यंत खोल खाणींपैकी एक. १९६५ साली धोरी येथे २६८ बळी पडले. आपल्या विदर्भात वरोड्यास एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात खाण सुरू झाली आणि आज वर्धा खोऱ्यात कित्येक खाणी चालू आहेत. पण तेथील कोळसा कमी परिपक्व व पुष्कळसा उथळ असल्याने हा वायू तेथे थोडा. म्हणूनच की काय, मराठी वाचकांच्या कानी ही नावे क्वचितच पडलेली असतात.

आता पालटाकडे वळू. हवेच्या झोताने वायू पातळ करून बाहेर हाकलणे हा जुना उपाय. पण खोल थरांत सुटणाऱ्या वायूस तो पुरा पडेना. १९४३ साली जर्मनीच्या रूर प्रांतातील मान्सफेल्ट खाणीत थरांत भोके पाडून वायू नळ्यांनी ओढून घेण्याची पद्धत यशस्वी झाली. अमेरिकेत १९६८ च्या नोव्हेंबरात फार्मिंग्टन येथील खाणीत ७८ माणसे मेली, त्यावर देशभर क्षोभ झाला व पुढच्याच वर्षी खाणीतील आरोग्य व सुरक्षिततेचा कडक कायदा झाला. तेथील सरकारी खाण खात्याने तेव्हा निराळाच प्रश्न हाती घेतला. माणसे खाली उतरण्याच्या आधी काही वर्षे जमिनीवरूनच थरापर्यंत विहिरी पाडून वायू काढून टाकता येईल काय? अलाबामा संस्थानात हे प्रयोग सफल झाले आणि असे दिसून आले की निघणारा वायू नुसता उधळून देण्याच्या योग्यतेचा नाही. तो जवळजवळ शुद्ध मिथेन आहे व नळातून विकता येतो. पश्चिमेकडे सॅन ह्वान खोऱ्यात तर जेथे खाण काढावयाची मुळीच नव्हती, तेथेही केवळ वायूसाठी विहिरी पडू लागल्या. १९८० साली सरकारने करात सवलत दिली, आणि २००८ च्या सुमारास त्या देशातील नैसर्गिक वायूचा सुमारे दहावा हिस्सा कोळशाच्या थरांतून येऊ लागला. पुढे शेल खडकातील वायू स्वस्त पडू लागल्याने हा हिस्सा ओसरला.

अशी विहीर चालते कशी, हे आता वाचकांच्या ध्यानी सहज येईल. थरापर्यंत भोक पाडून, दाबाने पाणी व वाळू आत घालून कोळशातील भेगा रुंद करतात. मग थरातले पाणी उपसावयास लागतात. तेलाच्या विहिरीचा मालक पहिल्या दिवशीच वायू मोजतो. ह्या विहिरीचा मालक कित्येक महिने, कधी वर्षभर, नुसते पाणी मोजत बसतो. पाण्याचा दाब पुरेसा उतरला म्हणजे कोळशाच्या पृष्ठभागावर बसलेले कण उठतात, सूक्ष्म छिद्रांतून भेगांपर्यंत झिरपतात, आणि भेगांतून विहिरीकडे वाहू लागतात. पाणी घटत जाते, वायू वाढत जातो, काही वर्षांनी कळस गाठतो आणि मग हळूहळू ओसरतो. ज्या क्रियेने चिनाकुरीत माणसे मेली तीच ही क्रिया. भेद इतकाच की येथे ती माणसांच्या अनुपस्थितीत आणि माणसांच्या इच्छेने घडते.

आपल्या सरकारने ह्या वायूविषयी स्वतंत्र धोरण १९९७ साली ठरविले, २००१ मध्ये पहिली क्षेत्रे वाटून दिली, आणि २००७ साली पहिले व्यापारी उत्पादन सुरू झाले. ते राणीगंज क्षेत्रातच सुरू झाले हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. चिनाकुरीच्या स्फोटास तेव्हा ४९ वर्षे झाली होती. पुढे मध्य प्रदेशातील सोहागपूर येथेही २०१७ पासून वायू निघू लागला. झरिया क्षेत्रातील मुनीडीह येथे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने एक प्रात्यक्षिकही झाले. त्यात थरातला वायू काढून त्यावर वीज करण्यात आली.

हे ऐकून माझा एखादा विद्यार्थी विचारतो, ‘सर, इतका वायू घरात असता आपण जवळजवळ निम्मा बाहेरून का आणतो?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तीन आकड्यांत आहे. देशातील कोळशाच्या थरांत असावा असा अंदाजिलेला वायू सुमारे २,६०,००० कोटी घनमीटर. त्यापैकी विहिरी पाडून, नमुने तपासून ज्याचे अस्तित्व निश्चित केले गेले आहे तो सुमारे २८,००० कोटी घनमीटर. आणि २०२२-२३ ह्या वर्षात प्रत्यक्ष बाहेर निघाला तो सुमारे ६७ कोटी घनमीटर, म्हणजे देशातील एकंदर वायू-उत्पादनाच्या शेकडा दोन. पहिला आकडा वर्तमानपत्रांस आवडतो. चुलीपर्यंत पोहोचतो तो तिसरा. ह्या दोहोंच्या मध्ये पुष्कळ अडथळे आहेत: घट्ट कोळशातून वायू वाहत नाही, कोळसा काढणारा व वायू काढणारा ह्यांचे हक्क एकाच जमिनीत गुंततात, नळ दूर असतात, आणि विहीर फळ देण्याआधी वर्षानुवर्षे पैसा खाते. शेतात धान्य किती पिकू शकेल आणि कोठारात किती आले ह्यांतला फरक आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. तो ह्या बाबतीत सुशिक्षितांनीही विसरू नये.

अतिखोल थरांविषयी अलीकडे जी आशा वाढली आहे तिचाही असाच विचार केला पाहिजे. खोली वाढली की दाब वाढतो व कोळशात अधिक वायू बसतो. परंतु खोलीबरोबर उष्णताही वाढते आणि उष्णता कणांस बसू देत नाही. एका मर्यादेनंतर चिकटलेला वायू वाढेनासा होतो. शिवाय वरच्या भाराने भेगा मिटत जातात. म्हणून हजार-दीड हजार मीटरांखाली जाण्यात अर्थ नाही असे पुष्कळ दिवस मानले जाई. चीनमधील ओरदोस खोऱ्यात गेल्या काही वर्षांत दोन हजार मीटरांहून खोल थरांतून चांगला वायू निघाल्याने ह्या मताची फेरतपासणी होत आहे. तेथे असे दिसले की तितक्या खोलीवर वायूचा बराच भाग चिकटलेला नसून भेगांत व छिद्रांत मोकळाच असतो. त्यामुळे महिनोन् महिने पाणी उपसण्याची वाट न पाहता तो लवकर वाहू लागतो. पण त्यासाठी खडक फोडावा लागतो तो फार मोठ्या प्रमाणावर, आणि त्यास लागणारे पाणी व पैसा हे दोन्ही थोडके नव्हेत.

लाभाबरोबर हानीचाही हिशेब हवा. उपसलेले पाणी पुष्कळदा खारट असते; ते शेतात सोडले तर जमीन बिघडते. आणि मिथेन जाळला तर कोळशाहून स्वच्छ जळतो हे खरे असले, तरी न जळता हवेत निसटला तर तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायॉक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता कोंडतो. उलट, खाणीतून आज वाऱ्यावर जाणारा मिथेन धरून जाळला तर तेवढेच पाप टळते.

ह्या साऱ्यावरून माझे मत असे बनले आहे की, कोळशातल्या वायूची किंमत केवळ घनमीटर व रुपये ह्यांत मोजणे चुकीचे आहे. आपल्या कायद्याने खाणींचे वायूप्रमाणे तीन वर्ग केलेले आहेत. एक टन कोळशामागे दहा घनमीटरांहून अधिक वायू सुटतो ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गातील. अशा खाणीत माणसे उतरविण्यापूर्वी वायू काढून घेणे हे विक्रीत तोट्याचे ठरले तरी ते करावयास हवे. आणि जेथे खाण काढावयाचीच नाही, तेथे मात्र व्यापाराचा हिशेब खुशाल चालावा. डेव्हीच्या दिव्याने माणसास वायूत शिरण्याचे धैर्य दिले. त्यापेक्षा वायूलाच आधी बाहेर बोलवावे, हा विचार अधिक शहाणपणाचा, आणि खरे पाहता अधिक जुनाही आहे. व्हाइटहेवनच्या किनाऱ्यावर नळीतून वर येणारा तो वायू जळताना पाहून स्पेडिंगला जे सुचले होते, ते करावयास आपल्याला इतकी प्रेते का मोजावी लागली, ह्याचे उत्तर विज्ञानाकडे नाही. ते मजुराच्या जिवाची आपण काय किंमत धरीत आलो, ह्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.